माझ्या लग्नाच्या मुहूर्ताचं टेस्टिंग

पुण्याच्या कंपनीत मी नेमकं काय काम करते, हे वसमतमध्ये मला कोणालाच धड सांगता आलं नाही. "दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम कुठं बिघडतात ते शोधते," असं एकदा आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, मग तुला पगार काहून देऊन राहिलेत? बिघडवायला तर आमच्याकडं फुकट लोक हायेत." पण खरंच तेच काम होतं. आमचा प्रोग्रॅम देशोदेशीच्या लोकांना मीटिंगची आठवण करून द्यायचा. लंडनच्या माणसानं दुपारची मीटिंग टाकली, तर ती टोकियोच्या माणसाला त्याच्या रात्रीच्या वेळेत दिसायला पाहिजे. ती तशी दिसते का, हे मी दिवसभर तपासायची. कॉम्प्युटरचं घड्याळ कधी सिडनीला नेऊन ठेवायचं, कधी न्यूयॉर्कला. तारीख कधी एकतीस डिसेंबर करायची, कधी एकोणतीस फेब्रुवारी. आणि मग प्रोग्रॅम कुठं तोंडावर आपटतो ते टक लावून बघत बसायचं. आपटला की मी खुर्चीतच टाळ्या पिटायची. ते प्रोग्रॅम लिहिणारी पोरं माझ्यावर जाम चिडायची, आणि मला त्याचाही आनंद व्हायचा.

अप्पांचा वसमतला मांडवाचा धंदा. कनाती, खुर्च्या, माइक, भोंगे, सगळं आमच्याकडं. दादा आणि मी लोकांच्या लग्नांतच वाढलो म्हटलं तरी चालेल. तो बांबूवर चढायचा, मी खालून दोर धरायची. तो वरून ओरडायचा, "ओढ गं, जेवली न्हाईस का?" आणि मी खालून त्याला शिव्या द्यायची. बारावीनंतर मला कॉम्प्युटर शिकायला नांदेडला जायचं होतं. अप्पांनी नन्नाचा पाढा लावला. तेव्हा दादानं जेवणच सोडलं. आई रडायला लागली, आत्या धावून आली, आणि शेवटी अप्पाच मला नांदेडच्या गाडीत बसवून आले. पुढं दादा नोकरीसाठी अमेरिकेला गेला. मी पुण्यात टेस्टर झाले ती त्याच्या त्या उपासामुळं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं.

दोन हजार सातच्या मार्चातली माझ्या लग्नाची तारीख धरली, आणि दादाला येता येईना. त्याच्या व्हिसाचे कागद अडकलेले. आला असता तर परत जाता आलं नसतं. फोनवर तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे गं, फोटो पाठव." पण त्याचा आवाज असा काही आला की मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात बसून भोकाड पसरलं. मला दादा माझ्या लग्नात हवा होता. पंगतीला नसला तरी चालेल, वरातीत नसला तरी चालेल. पण अंतरपाट सरकतो आणि सगळे अक्षता टाकतात, त्या क्षणाला तो हवाच होता. तो जगाच्या पाठीवर कुठंही असू दे, त्याच क्षणी त्याच्या हातातून माझ्यासाठी अक्षता पडायला पाहिजेत. एवढीच माझी मागणी होती. आणि वेळेचा धंदा तर माझाच होता की!

फोनवर जमलं असतं, असं कोणीही म्हणेल. पण आमच्या घराशी मोबाइलची रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात यायची, तीही तिच्या मर्जीनं. तसल्या भरवशावर मी दादाला सोडणार नव्हते. म्हणून एक छोटासा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो इकडं माझ्या लॅपटॉपवर चालणार, तिकडं दादाच्या कॉम्प्युटरवर. दोन्हीकडं पडद्यावर मुहूर्ताला किती वेळ उरला ते उलटं मोजत येणार. शून्य झालं की दोन्हीकडं एकाच वेळी मंगलाष्टकं वाजणार आणि शेवटी 'सावधान' होणार. ती मंगलाष्टकं अप्पांच्या माइकवर आई आणि आत्यानं म्हटलेली. आत्याचा सूर मधेच माडीवर जातो, पण दादाला तोच ओळखीचा.

सुट्टी टाकून मी घरी आले आणि लागले टेस्टिंगला. पहिल्याच झटक्यात अर्धा तास गायब! सगळ्या जगाची घड्याळं बहुतेक पुऱ्या तासांनी पुढं-मागं असतात, आपलं मात्र साडे लावून. मी घाईत तो अर्धा तास टाकायचाच विसरले होते. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये ही चूक सापडली असती तर मी आठवडाभर त्याला छळलं असतं. आता स्वतःचीच निघाली. पण चूक ती चूक, आमच्या भाषेत बग, मी टाळ्या पिटल्याच. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय झालं?" म्हटलं, "चूक सापडली!" आई म्हणाली, "मग टाळ्या काहून वाजवून राहिलीस, येडे?"

पण खरी मजा पुढंच होती. अमेरिकेत वसंतात एका रविवारी पहाटे सगळी घड्याळं तासभर पुढं करतात. उन्हाळ्याचा उजेड वाया जाऊ नये म्हणून. आणि त्या सालापासून त्यांनी तो रविवारच बदलून टाकला, आधी ओढून मार्चात आणला. माझं लग्न बराबर त्याच रविवारी! हे कळलं तेव्हा मी नाचायचीच बाकी राहिले. टेस्टरच्या आयुष्यात असा योग कुठून येणार? दादाचा कॉम्प्युटर जुना, त्याला हा नवा कायदा ठाऊकच नव्हता. माझा प्रोग्रॅम त्याच्यावर विसंबला असता तर दादा तासभर चुकीच्या वेळी अक्षता टाकून मोकळा झाला असता. मी कॉम्प्युटरवरचा भरवसाच सोडला, नियम स्वतः लिहिला आणि बसले पुन्हा तपासत.

हे सगळं आत्याला समजावून सांगताना काय धमाल आली! ती हळकुंडं निवडत बसली होती. म्हणाली, "तास पुढं करतात म्हणजे मधला तास जातो कुठं?"

"जात नाही गं, नसतोच तो. दोनचे एकदम तीन होतात."

"आणि त्या तासात कोणाचं लेकरू जन्मलं तर? पत्रिकेत काय लिहायचं?"

मी हातातलं सगळं टाकून तिच्यापुढं जाऊन बसले. "आत्या, तू चल माझ्यासोबत पुण्याला."

"चल गं, मला कोण घेतंय," म्हणाली. पण दिवसभर खूश होती. मग तिच्या डोक्यात निराळंच आलं. आपल्याकडं सकाळ असते तेव्हा दादाकडं अजून आदली रात्र असते, हे मी तिला सांगून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीच्या कोपऱ्यातून दादाशी बोलत होते, तर ती मागून ओरडली, "अरे, तुझ्याकडं अजून काल हाय ना? मग बघ बरं, काल माझी चप्पल देवळातून कोणी नेली ते!" दादा तिकडं इतका हसला की त्याच्या खोलीतला दुसरा पोरगा जागा झाला.

एक अडचण होती. प्रोग्रॅम शून्यावर आल्यावर नीट वाजतो का, हे बघायचं तर लॅपटॉपची तारीख लग्नाच्या दिवसाची करायची, वेळ मुहूर्ताच्या जरा आधीची करायची आणि थांबायचं. मी हे सकाळी करायची, दुपारी करायची, घड्याळ भारतावर ठेवून करायची, अमेरिकेवर ठेवून करायची. प्रत्येक वेळी घरभर मंगलाष्टकं! आणि आमच्या घरच्या बायका अशा की मंगलाष्टकं कानावर पडली की हात आपोआप तांदळाच्या डब्याकडं जातो. आई पोळी लाटता लाटता उठायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि मूठभर तांदूळ माझ्यावर टाकायची. वर डोळे पुसायची. "आई, हे टेस्टिंग आहे!" "असू दे, अक्षता त्या अक्षताच." कीबोर्डच्या फटीत तांदूळ जाऊन बसले. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "पोरीचं लग्न किती वेळा लावून राहिले हो तुमी?" अप्पांनी तोंड वर करून उत्तर दिलं, "पक्कं होईस्तोवर!"

हळदीच्या दिवशी तर कहर झाला. बायकांनी मला हातापायांना हळद फासून पाटावर बसवलं, आणि तेवढ्यात दादाचा निरोप आला की मेलमधून पाठवलेला प्रोग्रॅम त्याच्या कॉम्प्युटरनं उघडूच दिला नाही. उठले तशीच. समोरच्या नेट कॅफेत पिवळीधमक नवरी घुसली. कॅफेवाल्यानं नुसतं "या ताई" म्हटलं आणि खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं. मी फाइलचं नाव बदलून पुन्हा पाठवली, दादानं उघडली, आणि कॅफेच्या फोनवर तो ओरडला, "चाललं! मोजून राहिलंय!" मी आनंदानं कॅफेवाल्याच्या पाठीत धपाटा घातला. त्याचा शर्ट आणि त्याचा कीबोर्ड, दोन्ही माझ्या हातानं पिवळे झाले. पुढं मला कळलं की त्यानं तो कीबोर्ड तसाच ठेवला, शकुनाचा म्हणून.

आता प्रोग्रॅममध्ये काही उणं नव्हतं. राहिला होता नवरदेव. तो कनेरगाव नाक्याकडचा, पुण्यातच नोकरीला, स्वभावानं गरीब. त्याला मी आदल्या दिवशी फोन करून दम दिला. "हे बघा, मुहूर्त म्हणजे मुहूर्त. तिकडं माझा भाऊ मूठ भरून बसणार आहे. उशीर झाला तर मी हार घालणार नाही." तो म्हणाला, "अहो, शब्द देतो ना तुम्हाला." मला केवढा धीर आला! दादाला लगेच सांगितलं, "मुहूर्तावर म्हणजे मुहूर्तावरच." तो "व्हय, व्हय," म्हणाला आणि हसला. काहून हसला ते मी विचारलंच नाही.

लग्नाच्या दिवशी गोरज मुहूर्त, मांडव आमच्याच दारात. इकडं संध्याकाळ, दादाकडं रविवारची सकाळ. वऱ्हाडानं सरळ औंढ्याच्या रस्त्यानं यायचं, तर त्यांच्यातल्या कोणाला वारंगा फाट्याची खिचडी खायची हुक्की आली. सगळं वऱ्हाड वळसा घालून खिचडी खाऊन आलं. मग नवरदेव रिवाजाप्रमाणं मारुतीच्या पाया पडायला गेला आणि तिथून मिरवणुकीनं मांडवाकडं निघाला. बँडनं ताल धरला आणि त्याच्या मित्रांच्या अंगात आलं. मी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून समोरच्या खोलीत लॅपटॉपपुढं बसलेली. मुंडावळ्या पडद्यावर लोंबत होत्या. त्या बाजूला सारून मी आकडे बघत होते. बँडचा आवाज येत होता, पण लांबून. जवळ येतच नव्हता.

"येतील, येतील," आई म्हणाली.

आकडे पळत होते. मी दाराकडं बघून ओरडले, "अप्पा, बघा ना जरा!" अप्पा दारातून म्हणाले, "चौकात आलेत. नाचून राहिलेत." आणि बघता बघता शून्य झालं. प्रोग्रॅम एका सेकंदानंही चुकला नाही. आई आणि आत्या लॅपटॉपमधून गायला लागल्या. खोलीतल्या बायकांचे हात सवयीनं तांदळात गेले, 'सावधान' झालं आणि माझ्यावर अक्षतांचा पाऊस पडला. नवरी आहे, अक्षता आहेत, मंगलाष्टकं आहेत. नवरदेव तेवढा चौकात!

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. मलाही हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं. कारण तिकडं, त्याच क्षणाला, दादानंही अक्षता टाकल्या असणार. एकटाच. आणि इकडं काहीच झालं नव्हतं. त्याच्यासाठी जपून ठेवलेला तो एकच क्षण मी एवढ्या हुशारीनं, एवढं तपासून, चुकीच्या वेळी वाजवून दिला होता. शेकडो लग्नांचे दोर धरलेली मी! आपल्याकडं लग्न मुहूर्तावर कधी लागलंय? हार घालायच्या वेळी नवरदेव शोधायला माणूस पाठवावा लागतो, हे मी लहानपणापासून बघत आले, आणि तरी मला वाटलं की माझंच लग्न तेवढं घड्याळावर लागेल. कप्पाळ माझं!

मी उठले, शालू गुडघ्यापर्यंत उचलला आणि गच्चीकडं धावले. मागून आई, "अगं नवरी तू, नवरी!" गच्चीच्या त्या कोपऱ्यात जाऊन फोन लावला. खाली चौक दिसत होता. नवरदेव घोड्यावर कानकोंडा होऊन बसलेला, आणि खाली त्याचे मित्र धुळीत लोळून नागीण करून राहिलेले. एकानं रुमालाची पुंगी केलेली.

दादानं पहिल्याच रिंगला फोन उचलला. "झालं?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्याला बरं वाटलं असतं. एक मिनिट माझी जीभ वळलीसुद्धा. पण मागून बँड इतका कोकलत होता, आणि तो मांडववाल्याचा पोरगा, त्याला वरातीचा बँड ओळखू येणारच.

"दादा, अजून यायचाच आहे तो," मी म्हटलं, आणि रडायला लागले. "तुझ्या अक्षता फुकट गेल्या रे!"

"काहून रडून राहिलीस? गेल्या न्हाईत कुठं."

"म्हणजे?"

"मी टाकल्याच न्हाईत. मला काय वसमतची लग्नं ठाऊक न्हाईत व्हय? मूठ तशीच हाय. हात घामेजलाय नुसता."

हा माणूस तिकडं मूठ मिटून बसला होता! शून्य झालं, मंगलाष्टकं संपली, आत्याचा सूर माडीवर जाऊन आला, तरी यानं मूठ सोडली नव्हती. मी फोनवर त्याला मूर्ख, गाढव, काय काय म्हटलं ते आठवत नाही. तो म्हणाला, "आता फोन ठेवायचा न्हाई. लागेस्तोवर मी हितंच हाय." मग मी त्याला चौकातलं सगळं सांगायला लागले, नागीण, पुंगी, घोड्यानं मधेच टाकलेली लीद, आणि आम्ही दोघं भावंडं इतकं हसलो की माझ्या डोळ्यांतलं काजळ हनुवटीपर्यंत आलं.

पण फोन खाली मांडवात नेला की रेंज जाणार. मी वरून ओरडले, "अप्पा, फोन खाली येणार न्हाई!" अप्पांनी वर बघितलं. माइकची वायर खांद्यावर टाकून ते जिना चढून आले. सोबत आत्या. अप्पांनी आत्याच्या एका हातात फोन दिला, दुसऱ्यात माइक. "हा ह्याला चिकटवून धर. तो बोलला की खाली भोंग्यात येईल. आणि गुरुजींपुढं दुसरा माइक हाय, भोंगा एवढा मोठा की खालचं त्याला फोनवर आपोआप ऐकू जाईल." आत्यानं धरला. भोंग्यानं आधी अशी शीळ घातली की चौकातला घोडा बिथरला. नवरदेव त्याच्या मानेला मिठी मारून मांडवाच्या दिशेनं सुटला, आणि मित्र नाच सोडून मागं धावले. अशा रीतीनं माझं वऱ्हाड एकदाचं दारात आलं!

पुढं भराभर झालं. काजळ पुसलं, अंतरपाट धरला, गुरुजींनी घसा साफ केला. नवरदेव पलीकडून हळूच म्हणाला, "माफ करा हो, ते सोडेचनात." मी म्हटलं, "नंतर बघते तुम्हाला." वरून भोंग्यातून दादाचा आवाज आला, "बोला गुरुजी, मी आलोय." अख्खा मांडव हसला. आईनं डोळ्यांना पदर लावला. अप्पांनी बँडवाल्याला ताकीद देऊन ठेवली होती, "मी हात वर केल्याशिवाय एक सूरही वाजवायचा न्हाई."

सावधान झालं. अंतरपाट सरकला. हसऱ्या, घामेजलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्याचा माझा नवरा समोर होता, आणि चहूबाजूंनी अक्षता पडल्या. डोक्यावर, खांद्यावर, हारावर. पडून गेल्या. बँडवाला तोंडाला पिपाणी लावून अप्पांच्या हाताकडं बघत होता. अप्पांनी हात वर केला नाही. ते भोंग्याकडं बघत होते. सगळा मांडव गप्प झाला.

आणि मग, सगळ्यांच्या मागून, भोंग्यातून सर्रकन आवाज आला. तांदळाचा. दादानं तिकडं मूठ फोनवरच सोडली होती.

मांडवातल्या सगळ्या माना वर गेल्या. मी हार हातात तसाच धरून, डोळे मिटून, भोंग्याखाली तोंड वर करून उभी राहिले, अक्षता अंगावर घेतात तशी.